कारवीत अडकलेला पिट्टू

राजूर, ता. अकोले
२५ जुलै १९७२

सौ. पुष्पावती वहिनींस,
काकासाहेबचा नमस्कार.

हे पत्र एकटीनं वाचू नका. मामंजींना आणि सासूबाईंना जवळ बसवा. आपला श्रीमंत हरिश्चंद्रगडावर हरवला आहे. आठवडा उलटून गेला, अजून पत्ता नाही.

रतनगडावरून निघून डोंगराच्या धारेधारेनं भीमाशंकरपर्यंत चालत जायचं आमचं ठरलं होतं, हे तुम्हाला माहीतच आहे. "मिरजगावात आभाळाकडं बघून मान मोडली, जरा पावसात चालून येऊ," म्हणत त्यानं शाळेतून रजा घेतली. हरिश्चंद्रगडावर पोचलो आणि मला ताप भरला. त्यानं मला देवळाजवळच्या गुहेत झोपवलं. दुसऱ्या दिवशी मी बरळायला लागलो. गोळ्या संपल्या होत्या. श्रीमंत म्हणाला, "काका, मी पायथ्याला पाचनईत उतरतो. चार माणसं आणतो आणि तुला झोळीत घालून नेतो." दोन्ही घोंगड्या, मेणकापड, स्टोव्ह, सगळं माझ्यापाशी ठेवलं. येताना भाकरी आणायला म्हणून स्वतःचा पिट्टू तेवढा पाठीवर घेतला. बाहेर धुकं असं की गुहेच्या तोंडाशी उभा राहिलेला तो मला नीट दिसेना.

तो पाचनईला पोचलाच नाही. पाचनईचा भीमा म्हणून एक जण हरवलेली म्हैस शोधत वर आला, त्याला मी दिसलो. त्यानं गावची माणसं आणून मला खाली नेलं. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं विचारलं, "श्रीमंत कुठंय?" ते एकमेकांकडं बघायला लागले. तेव्हा कळलं.

चौकीवर वर्दी दिली आहे. मी इथून हलणार नाही.

आपला,
काकासाहेब


मिरजगाव, ता. कर्जत
३० जुलै १९७२

काकासाहेब भाऊजी,
नमस्कार.

पत्र मी एकटीनंच वाचलं. मामंजी दुष्काळी कामावर गेले होते, सासूबाई टँकरच्या रांगेत. पोस्टमन गेल्यावर मी दाराला कडी घातली आणि उंबऱ्यातच बसून राहिले. संध्याकाळी दोघांना सांगितलं. सासूबाई रडल्या. मामंजी रडले नाहीत. ते उठले, बैलांपुढं उसाचं वाढं टाकलं आणि तिथंच उभे राहिले.

तुम्ही गेलात म्हणून हे गेले, असं मनात आणू नका. हे मिलिटरीचा माल विकणाऱ्या नगरच्या त्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा तुम्ही बरोबर नव्हता. पिट्टू आणला, हंटर बूट आणले, पाण्याची बाटली आणली. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडची मानसं ऊसतोडीला जाताना बिऱ्हाड पाठीवर घेत्यात, तुला रं कशाची हौस?" हे नुसते हसले. असल्या माणसाला कोण अडवणार?

इकडं आम्ही विहिरीच्या तळाशी माणूस उतरवून वाटीवाटीनं पाणी भरतो, आणि माझा माणूस तिकडं पाण्यात हरवला. कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

पाकिटावर तुम्ही "सौ." लिहिलंत. माझा जीव तेवढ्या एका अक्षरावर टांगलाय. रोज काय काय शोधलंत ते लिहा. काही झाकू नका.

तुमची,
पुष्पावती


पाचनई
६ ऑगस्ट १९७२

पुष्पावती वहिनी,
नमस्कार.

पत्र मिळालं. पावसानं उसंत दिलेली नाही. गडाच्या पाचनईकडच्या सगळ्या वाटा, ओढे, गुरांची पायवाट, सगळं पालथं घातलं. गावची माणसं भाताची लावणी टाकून बरोबर येतात. अकोल्याहून दोन शिपाई आले होते, ते पाहून गेले.

कड्याच्या बाजूलाही जाऊन आलो. तिथं धुकं फार आहे.

कळवण्यासारखं विशेष काही नाही. मामंजींच्या आणि सासूबाईंच्या तब्येती सांभाळा. तुम्हीही दोन घास खात जा. माझा ताप उतरतो नि पुन्हा चढतो, पण ते काही नाही.

आपला,
काकासाहेब


मिरजगाव
११ ऑगस्ट १९७२

काकासाहेब यांसी,
मच्छिंद्र, श्रीमंताचा बाप, याचा रामराम. मी सांगतोय, छगन दुकानदार लिवतोय.

तुमचं पत्र सुनंनं माज्या म्होरं धरलं. म्हनली, "मामंजी, ह्या टायमाला सौ. न्हाई लिवलं. ना वर पाकिटावर, ना आत." मला अक्षर वळकत न्हाई, पन पोरीचं त्वांड वळकतं.

तुमाला काय तरी गावलंय आन तुमी ते दडवताय. तुमी चांगल्या मनानं दडवत आसाल. पन आमी मदीच लोंबकाळतोय. पोरगी कुकू लावती, लावलं की पुसावं वाटतं, पुसावं म्हनलं की जीव हुत न्हाई. म्हातारी भाकर म्होरं घ्यून बसून ऱ्हाती. गावातली लोकं दारावरनं जाताना बोलनं बंद करत्यात.

भटजी म्हनला, देह गावला न्हाई तर पुतळा करून त्याला आग देता येती. म्या म्हनलं, तसं तर तसं. माजा येकच ल्योक. त्याचं असं वाऱ्यावर नगं. गेला आसंल तर गेला म्हून लिवा. मर्दावानी लिवा.

मच्छिंद्र


राजूर
१६ ऑगस्ट १९७२

पुष्पावती वहिनी,

मामंजींचं पत्र वाचलं. लपवलं, हे खरं आहे.

चार तारखेला दुपारी धुकं घटकाभर वर उठलं. गडाच्या पश्चिमेला मोठा कडा आहे, त्याच्या पलीकडं एकदम कोकण. भीमा पोटावर पडून खाली बघत होता. तो म्हणाला, "साहेब, खाली कारवीत कायतरी खाकी दिसतंय." कड्याच्या काठाखाली एक अरुंद पट्टा आहे, एका माणसाला जेमतेम बसता येईल एवढा. तिथल्या कारवीच्या झुडपात श्रीमंतचा पिट्टू अडकला होता. गावच्या माणसांनी भीमाला दोरानं खाली सोडलं, त्यानं तो वर आणला. तिथं श्रीमंत नव्हता. त्या पट्ट्याखाली पाहिलं तर तळ दिसत नाही. वरून पाण्याचे लोट नुसते खाली पडतात.

पिट्टू मी ओळखला. उघडला नाही. भीमाच्या घरी आढ्याला टांगून ठेवला आहे, त्याच्याकडं बघवत नाही.

त्या दिवशी तुम्हाला पत्र लिहायला बसलो. "सौ." लिहायला हात धजेना आणि दुसरं काही लिहायलाही धजेना. म्हणून तशीच जागा सोडली. तुम्ही ते बरोबर वाचलंत.

वहिनी, धुक्यात पाचनईची वाट सोडून तो उलट्या बाजूला गेला आणि कड्यावरून पडला. माझ्यासाठी माणसं आणायला गेला होता तो. मामंजींना जे करायचं आहे ते करू द्या. मी येईन आणि विधीला पुढं बसेन.

काकासाहेब


मिरजगाव
२० ऑगस्ट १९७२

भाऊजी,

विधी पुढच्या सोमवारी ठरलाय. त्याच्या आत मला उत्तर पाहिजे, तार करावी लागली तरी करा.

तुम्ही पिट्टू उघडला नाही म्हणता. तो यांच्या पाठीवर असायचा, पण वर्षभर सांभाळायची मी. डोंगरातून आला की धुऊन वाळत घालायची मी, चामड्याच्या पट्ट्यांना तेल मी चोळायची, तोंडाशी उसवला होता तो मी दाभणानं शिवला. म्हणून विचारते.

पट्टे तुटलेत का? माणूस पडला आणि पिट्टू पाठीवरून निघाला, तर पट्टा तुटला पाहिजे नाहीतर शिवण उसवली पाहिजे. का बक्कल उघडंय? ते बक्कल लई घट्ट आहे. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय उघडत नाही, माझी नखं मोडतात.

दुसरं. झाकणाखाली दोर असतो, सुंभाचा नाही, तो जाड पांढरा, नगरहून आणलेला. यांनी तो कुठंही जाताना कधी काढून ठेवला नाही. तो आहे का?

तिसरं. पाण्याची बाटली आहे का?

भीमाला विचारा, पिट्टू झुडपात कसा होता. मला वेडी म्हणा, पण विचारून कळवा. मामंजी म्हणतात, "पोरी, सवताला फसवू नगं." मी म्हणाले, "मामंजी, सोमवारपर्यंत फसवू द्या."

पुष्पावती


पाचनई
२६ ऑगस्ट १९७२

सौ. पुष्पावती वहिनी,

"विधी करू नका" अशी तार काल राजूरहून केली, ती मिळाली असेल. आता सविस्तर.

तुमचं पत्र घेऊन भीमाच्या घरी गेलो. पिट्टू खाली काढला. पट्टे शाबूत आहेत. शिवण शाबूत आहे. बक्कल उघडं आहे. आत ओला टॉवेल, एक सदरा, रिकामा डबा. दोर नाही. बाटली नाही.

भीमाला विचारलं, "झुडपात कसा होता रे?" तो म्हणाला, "अडाकला हुता." मी म्हणालो, "अडकला म्हणजे कसा?" त्यानं पिट्टूचा पट्टा हातात घेतला. मग हातानं करून दाखवत म्हणाला, "पट्टा बुडख्याला दोनदा गुंडाळल्याला हुता. सोडवाया येळ लागला मला." एवढं बोलला आणि आपणच माझ्याकडं बघत राहिला. पडलेला पिट्टू स्वतःला झुडपाला दोनदा गुंडाळून घेत नाही. त्यानं तो खूण म्हणून बांधला होता, वहिनी. आम्ही ती खूण सोडवून घरी आणली आणि आढ्याला टांगली.

तो घसरून कड्याखालच्या त्या अरुंद पट्ट्यावर पडला असणार. वर चढायला जागा नाही. शेजारून एक नळी उतरते, म्हणजे कड्याच्या दोन भिंतींमधली पाण्याची घळ. दोर घेऊन तो तिच्यात उतरला. ती नळी थेट कोकणात जाते. आम्ही सगळा शोध वर घेतला, आणि तो होता तर खालच्या जिल्ह्यात.

पण खोटी आशा देणार नाही. पावसाळ्यात त्या नळीनं कुणी जिवंत उतरल्याचं भीमानं ऐकलेलं नाही. भीमा माळशेजचा वळसा घालून पायी खाली निघालाय. मी निघालो होतो, गावाबाहेर चक्कर येऊन पडलो. भीमाच्या घरच्यांनी मला खाटेवर निजवलंय, उठू देत नाहीत. तुम्ही येऊ नका. कोकणातल्या नद्या भरून वाहतायत, वाड्यांचे रस्ते बंद आहेत. भीमा परत आला की लिहितो.

आपला,
काकासाहेब


कल्याण
५ सप्टेंबर १९७२

भाऊजी,

हे जिवंत आहेत. आधी एवढं वाचा, मग बसा, मग पुढचं वाचा.

तुम्ही येऊ नका म्हणालात, पण पत्र आलं त्याच दिवशी मी निघाले. सासूबाई म्हणाल्या, "मी बी येती. ऊसतोडीला लई चाललीया मी, मला न्हाई पाय दुखत." मामंजी म्हणाले, "जावा. पन रिकाम्या आलात तर मंग माजं ऐकायचं." पुणे, कल्याण, मुरबाड अशा एस.टी. बदलल्या, पुढं चालत. भाऊजी, तो कडा मी खालून पाहिला. ढगातून खाली आलेला, काळा. मी तिथंच खाली बसले. सासूबाईंनी दंडाला धरून चालवलं.

कड्याखालच्या वाड्यावाड्यांतून विचारत गेलो. एका ठाकरवाडीत बनुबाई नावाच्या बाईनं आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आदी एक जण वरून आला विचारीत, आता तुमी. त्या मास्तराचीच ना?" भीमा आमच्या आदल्या दिवशी तिथं पोचून, ऐकून, तुम्हाला सांगायला परत फिरला होता. बनुबाईच्या माणसांना हे ओढ्याच्या कडेला सापडले होते. नळीत शेवटी दोर पुरला नाही, उरलेली उडी मारली. डाव्या पायाचं हाड बाहेर आलं होतं. नदी उतरेपर्यंत त्या लोकांनी यांना घरात ठेवलं, पेज पाजली. मग डोलीतून मुरबाडला नेलं, तिथून कल्याणच्या दवाखान्यात.

तुम्ही विचाराल, मग निरोप का नाही आला. यांनी मास्तर आहे एवढंच सांगितलं, नाव-गाव नाही. तापात एकच घोकत होते, "वर गुहेत माणूस आहे. त्याला औषध न्या." शेवटी वाडीतले दोघं जण भर पावसात वळसा घालून गडावर गेले. गुहा रिकामी. चुलीची राख तेवढी. परत येऊन त्यांनी यांना सांगितलं, "मास्तर, वर कोनी नाही." यांनी समजायचं ते समजून घेतलं. त्यानंतर बोलणं बंद.

मला पाहिलं तेव्हा हसले नाहीत का रडले नाहीत. म्हणाले, "काका गेला. मी त्याला तिथं टाकून आलो." मी शपथ घेतली, सासूबाईंनी यांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. म्हणतात, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगता." तुमची पत्रं मामंजींनी पेटीत ठेवलीत, एकही बरोबर नाही. भीमाही तिकडं निघून गेलेला.

पाय सडलाय. डॉक्टर म्हणतात गुडघ्याच्या वरून कापला नाही तर माणूस जाईल, आणि फार दिवस नाहीत. हे सही करत नाहीत. "काका वर मेला, मला पाय कापून जगायचं कशाला?" म्हणून भिंतीकडं तोंड करतात. माझी सही चालेल का विचारलं. डॉक्टर म्हणाले, "शुद्धीवर आहेत तोवर त्यांचीच लागते."

भाऊजी, इतकं सगळं करून माणूस सापडला आणि आता तो माझ्या डोळ्यांपुढं मरायला निघालाय. यांना लिहा. तुमच्याशिवाय दुसरं कुणी लिहू शकणार नाही असं लिहा. पत्र पोस्टात टाकू नका, कुणाच्या तरी हाती द्या, मीही हे माणसाच्या हातीच पाठवतेय.

पुष्पावती


राजूर
७ सप्टेंबर १९७२

श्रीमंत, गाढवा,

राजूरचा एक व्यापारी आत्ता कल्याणला निघालाय, तो दारात उभा आहे. घाईत लिहितोय. अक्षर बघ. बोर्डिंगात सगळे ज्याला कोंबडीचे पाय म्हणायचे तेच आहे ना?

भीमा म्हशीच्या मागं वर आला आणि मला घेऊन गेला. ठाकरवाडीची माणसं वर चढली तोवर मी पाचनईत गोधडीत पडून पेज पीत होतो. गुहा रिकामी होती ती मी वाचलो म्हणून रिकामी होती. एवढं तरी तुझ्या डोक्यात शिरू दे.

निघताना तू तुझे लोकरी मोजे माझ्या पायांत घातलेस. उजव्याला टाचेशी भोक आहे. हे तुझ्या बायकोला ठाऊक नाही, भीमाला ठाऊक नाही, मला आहे, कारण ते मोजे आत्ता माझ्या पायांत आहेत. आणि धुक्यात शिरण्याआधी तू वळून म्हणालास, "मरू नकोस काका, मला तो स्टोव्ह पेटवता येत नाही." मला तापात बाकी काही आठवत नाही, हे आठवतं.

तू मला टाकून गेला नाहीस. घोंगड्या मला दिल्यास आणि स्वतः दोर घेऊन मरणाच्या तोंडात उतरलास. त्यातून पाय जातोय. जाऊ दे. मी रोज उठून तुझा बाप, तुझी आई, तुझी बायको यांना काय लिहायचं याचा विचार करत होतो. ते पुन्हा लिहायला लावू नकोस. माझ्यात ती ताकद उरलेली नाही.

सही कर. आजच कर. उभा राहता आलं की येतोच.

तुझा,
काका


कल्याण
२८ सप्टेंबर १९७२

काका,

पुष्पानं तुझं पत्र दिलं. मी तिला म्हणालो, वाचून दाखव. मोज्याच्या भोकापर्यंत आली आणि मी तिच्या हातातून कागद ओढून घेतला. सही केली. दुसऱ्या दिवशी पाय कापला.

शुद्ध आली तेव्हा पाय दुखत होता, नसलेला. अजून दुखतो. अंगठ्यात गोळा येतो, चोळायला हात नेतो आणि हाताला चादर लागते. त्या वेळी काय वाटतं ते तुलासुद्धा सांगता येणार नाही. परवा मी ओरडलो, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा घाबरून उठून बसला. पुष्पानं माझं तोंड पुसलं. ड्रिल मास्तर म्हणून मला शाळेत कोण उभं करणार, डोंगर तर सोडच. हे तुला लिहितोय, तिला सांगितलेलं नाही. तिला ते आधीच कळलेलं असणार.

तू येऊन गेलास असं कळलं. मी औषधाच्या गुंगीत होतो आणि तू म्हणे दुपारभर खाटेशेजारी बसलास आणि शेवटच्या एस.टी.ला निघून गेलास, मला उठवलं नाहीस. पुन्हा असं करू नकोस. झोपेतून हलवून उठव. तू खरंच आहेस हे मला अजून अधूनमधून पटत नाही.

काल दादा आले. गावात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आपला लेक गेला, पुतळ्याची तयारीही झाली होती. त्याची त्यांना शरम वाटते. पहिलं तर दारातच उभे राहिले, टोपी काढून हातात धरून. आई म्हणाली, "आत या की." मग आले आणि खाटेच्या पायथ्याशी बसले, नेमके डाव्या बाजूला, जिथं चादर सपाट आहे. कुणाकडं बघितलं नाही. त्या सपाट चादरीवरून हात फिरवायला लागले, लहानपणी मी आजारी पडलो की पाय दाबायचे तसे, गुडघ्यापासून खाली घोट्यापर्यंत आणि परत वर.

मला राहवेना. मी म्हणालो, "दादा, तिथं काही नाही."

दादा म्हणाले, "म्हाईत हाय मला." आणि हात फिरवत राहिले.

तुझा,
श्रीमंत